सायनसचा त्रास घरच्या घरी कसा सांभाळायचा: सोलापूरकरांसाठी पायरीपायरीने

चार वर्षं माझ्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी नाकाच्या थेंबांची बाटली असायची. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. मागांचा खडखडाट आणि हवेत तरंगणारे कापसाचे तंतू, यातच दिवस जातो. सकाळी नाक बंद, दुपारी कपाळ जड, रात्री आडवं झालं की घशात काहीतरी उतरतंय असं वाटायचं. थेंब टाकले की दहा मिनिटांत नाक मोकळं. पुढे पुढे तो मोकळेपणा कमी वेळ टिकायला लागला, आणि शेवटी बाटली उशाशी असल्याशिवाय झोप लागेना.

त्यातून बाहेर यायला जे जे केलं ते इथे क्रमाने लिहितोय. कारखान्यातल्या दोघातिघांना हे तोंडी सांगून झालंय, पण दर वेळी एखादी पायरी राहतेच. मी डॉक्टर नाही. मला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी जे समजावलं, आणि नंतर मी वाचून, करून जे शिकलो, तेवढंच यात आहे.

१. आधी हे असतं तरी काय, ते समजून घ्या

"मला सायनस आहे" असं आपण सर्रास म्हणतो. पण सायनस सगळ्यांनाच असतात. चेहऱ्याच्या हाडांमधल्या त्या हवेच्या पोकळ्या. चार जोड्या: गालांच्या हाडात, भुवयांच्या वर कपाळात, दोन डोळ्यांच्या मधे (इथे एक मोठी खोली नाही, मधाच्या पोळ्यासारख्या बारीक बारीक कप्प्यांची गर्दी आहे), आणि चौथी नाकाच्या पार मागे, कवटीच्या तळाशी. आजाराचं नाव सायनुसायटिस, म्हणजे या पोकळ्यांच्या अस्तराला आलेली सूज.

हे अस्तर सतत पाझरत असतं. त्यावर डोळ्यांना न दिसणारे केस असतात आणि ते एकाच दिशेने, सायनसच्या नाकात उघडणाऱ्या दाराच्या दिशेने, हलत राहतात. धूळ, जंतू शेंबडात चिकटतात, हे केस तो शेंबूड ढकलत नाकात आणतात, तिथून तो घशात उतरतो आणि आपण नकळत गिळतो. निरोगी माणसातही हे दिवसभर चालू असतं.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून एक गोष्ट दाखवली आणि मला सगळा उलगडा झाला. गालातला सायनस सर्वांत मोठा, पण त्याचं दार तळाशी नाही. ते आतल्या भिंतीत, वरच्या अंगाला आहे. म्हणजे आपण उभे असताना तिथला शेंबूड आपोआप वाहून येऊच शकत नाही. त्या केसांनी तो वर चढवायचा, तेव्हा तो बाहेर पडणार. सर्दीत किंवा ॲलर्जीत अस्तर सुजलं की ते चिमुकलं दार बंद होतं. हवा कोरडी असली की शेंबूड घट्ट होतो. विडी-सिगारेटच्या धुराने केस मंदावतात. साचलं की दडपण, दुखणं, वास न येणं हे सगळं पाठोपाठ येतं.

पुढच्या सगळ्या पायऱ्या या तीनच कामांसाठी आहेत: दाराची सूज उतरवणं, शेंबूड पातळ ठेवणं, केसांना त्यांचं काम करू देणं.

२. या खुणा दिसल्या तर घरगुती काहीही करत बसू नका

डोळ्याभोवती सूज किंवा लाली, एकाचे दोन दिसणं, नजर कमी होणं. कपाळावर फुगवटा. असह्य डोकेदुखी आणि मान ताठ. ताप चढलेला आणि माणूस बरळतोय. यातलं काहीही असेल तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

मधुमेह असलेल्यांना वेगळं सांगतो. २०२१ मध्ये कोरोनानंतर काळ्या बुरशीचा आजार आपण सगळ्यांनी पाहिला. तो सायनसमधूनच डोळ्याकडे आणि मेंदूकडे सरकतो. साखर वाढलेली असताना गाल बधिर वाटला, नाकातून काळपट काही आलं, टाळूवर काळा डाग दिसला, तर तासही घालवू नका.

३. खरंच सायनस आहे का, ते तपासा

सगळ्यांत जास्त फसगत इथे होते. अमेरिकेत स्वतःला "सायनसची डोकेदुखी" आहे असं म्हणणाऱ्या जवळपास तीन हजार लोकांची तपासणी झाली. २००४ मध्ये तिचे निष्कर्ष आले. त्यांतल्या ८८ टक्के लोकांची लक्षणं अर्धशिशीची, म्हणजे मायग्रेनच्या जातीची निघाली. अर्धशिशीतही नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, कपाळ-गाल दुखतात, म्हणून गोंधळ होतो. डोकं ठणकतंय, उजेड आणि आवाज नको वाटतो, मळमळतंय, आणि नाकातून घट्ट काही येत नाही, असं असेल तर नाक कितीही धुतलं तरी डोकं थांबणार नाही. त्याचा इलाज वेगळा आहे.

दुसरी शक्यता दाताची. वरच्या दाढांची मुळं गालातल्या सायनसच्या तळाला भिडलेली असतात. एकाच बाजूने, घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आधी दाताच्या डॉक्टरांना दाखवा. तिथली कीड काढल्याशिवाय सायनस बरा होत नाही.

तिसरी ॲलर्जी. सटासट शिंका, नाक-डोळे खाजणं, पाण्यासारखं नाक गळणं हे तिचं काम.

आणि लहान मुलांबद्दल: कपाळातला सायनस जन्मतः नसतोच म्हटलं तरी चालेल, तो साधारण सहा-सात वर्षांच्या पुढे आकाराला येतो. चार वर्षांच्या पोराचं कपाळ दुखतंय आणि घरचे "सायनस असेल" म्हणतात, तेव्हा मला काळजी वाटते. त्याला बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

४. दिवस मोजा

साधी सर्दी विषाणूची. तिच्यात सायनस सुजतातच, आणि बहुतेकांचं सात ते दहा दिवसांत ओसरतं. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवंच, हा समज चुकीचा आहे. तो रंग मुख्यतः आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो. मी एका ठिकाणी चौथ्याच दिवशी पाच गोळ्यांचा कोर्स घेऊन आलो, तोही स्वतः मागून. पोट बिघडलं, नाक तसंच राहिलं.

जिवाणूंचा संशय कधी घ्यायचा? दहा दिवस होऊनही जराही उतार नाही तेव्हा. किंवा बरं वाटायला लागलं आणि पाच-सहा दिवसांनी परत उलटून आलं तेव्हा. किंवा पहिल्यापासूनच सलग तीन-चार दिवस जोराचा ताप, घट्ट शेंबूड आणि चेहरा दुखतोय तेव्हा. अशा वेळी डॉक्टरांकडे जा. आणि त्रास बारा आठवड्यांच्या पुढे गेला तर तो जुनाट प्रकार. त्याला सर्दीच्या गोळ्या पुरत नाहीत.

एक वही करा. तारीख, कोणती बाजू बंद, शेंबूड कसा, वास येतो का, डोकं दुखलं तर उजेड सहन होत होता का, आणि त्या दिवशी तुम्ही कुठे होतात. माझ्या वहीत तिसऱ्या आठवड्यात स्पष्ट दिसलं: गुरुवारी, म्हणजे माग बंद असलेल्या सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी नाक मोकळं. डॉक्टरांनी सर्वांत आधी तेच पान वाचलं.

५. नाक धुण्याचं सामान जमवा

- नाक धुण्याची बाटली किंवा जलनेतीचं तोटीचं भांडं
- मेडिकलमधल्या मिठाच्या तयार पुड्या, किंवा घरचं शुद्ध, आयोडीन न घातलेलं मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा
- चहाचा छोटा चमचा
- झाकणाचं स्टीलचं पातेलं, फक्त याच कामासाठी
- स्वच्छ फडकं

नवीन असाल तर तयार पुड्यांपासूनच सुरुवात करा, मिठाचं प्रमाण चुकत नाही. घरी करायचं तर पाव लिटर पाण्याला अर्धा छोटा चमचा मीठ, चमचा सपाट करून.

६. पाणी: ही पायरी कधीही गाळू नका

आपल्याकडे नळाला रोज पाणी कुठे येतं? काही दिवसांआड येतं, मग आपण बॅरल, हंडे, गच्चीवरची काळी टाकी, जे हाताला लागेल ते भरून ठेवतो. उजनीचं ते पाणी दिवसचे दिवस साठून राहतं आणि एप्रिल-मे महिन्यात टाकीतलं पाणी हाताला चटका देईल इतकं तापतं. प्यायला ते गाळून, फिल्टर करून चालतं. नाकात घालायला ते चालत नाही.

कारण असं. कोमट गोड्या पाण्यात वाढणारा एक अमीबा असतो. असं पाणी प्यायलं तर तो काही करत नाही, पण नाकात वर गेला तर वास घेणाऱ्या नसांवरून थेट मेंदूत पोचतो आणि त्यातून वाचणारे फार थोडे. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये अशा मेंदूज्वराच्या बातम्या आपण वाचल्या. तिथे पोहण्या-आंघोळीच्या पाण्याची चर्चा जास्त झाली, पण अमेरिकेत लुइझियाना राज्यात २०११ मध्ये दोन माणसं दगावली, ती नेतीच्या भांड्यात नळाचं पाणी वापरल्यामुळे. हा आजार अतिशय विरळ आहे, हे खरं. पण तो टाळायला लागतं काय, तर पाच मिनिटांचा गॅस. म्हणून मी यात कुणाचं ऐकत नाही.

करायचं असं: पाणी खळखळून उकळू द्या, उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट. मी तीन-चार मिनिटं ठेवतो. मग झाकण ठेवून आपोआप निवू द्या. गार पाणी मिसळून कोमट करू नका, तसं केलं तर उकळण्याला अर्थ उरत नाही. आरओचं पाणी, जारचं पाणी, तुरटी फिरवलेलं पाणी, यांतलं कुठलंही न उकळता चालत नाही. उकळलेलं पाणी झाकून ठेवा आणि त्याच दिवशी वापरा.

७. आता नाक धुवा

बेसिनवर पुढे वाका. डोकं एका बाजूला कलतं करा, कपाळ आणि हनुवटी साधारण एका पातळीत. तोंड उघडं ठेवा आणि तोंडानेच श्वास घ्या. वरच्या नाकपुडीला बाटली लावून हळू दाबा. पाणी मागून फिरून खालच्या नाकपुडीतून बाहेर येईल. अर्धं पाणी एका बाजूने, अर्धं दुसऱ्या. या वेळी बोलू नका, गिळू नका.

पहिल्या दिवशी मी घाईत मीठ न घालता पाणी घेतलं. कपाळात कुणीतरी तिखटाची पूड उधळावी तशी आग झाली आणि डोळ्यांतून पाणी थांबेना. बिनमिठाचं पाणी अस्तराला झोंबतं, कारण शरीरातल्या पाण्यात मीठ असतं. दुसऱ्या दिवशी प्रमाणात मीठ घातलं तर काहीच झोंबलं नाही. आधी थोडं पाणी आलं, मग एक लांबलचक, दोऱ्यासारखा घट्ट शेंबूड बाहेर पडला. त्यात कापसाचे पांढरे तंतू उघड दिसत होते. ते पाहिल्यावर मला कुणी "रोज धू" म्हणून सांगायची गरज राहिली नाही.

नंतर पुढे वाकून पाणी निथळू द्या आणि एक-एक नाकपुडी हलक्या हाताने शिंकरा. दोन्ही नाकपुड्या दाबून जोरात शिंकरलं तर घाण कानाकडे जाते. बाटली रोज उकळलेल्या पाण्याने धुऊन उघडी वाळवा. ओली बाटली झाकून ठेवली तर तिच्यातच जंतू वाढतात.

नाक पूर्ण बंद असेल, कान दुखत असेल, किंवा नुकतंच नाकाचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका.

८. वाफ, बाम, तेल, हळद

वाफेने बरं वाटतं, पण तेवढ्यापुरतं. उकळत्या पातेल्यावर डोकं झाकून बसणं मला आता पटत नाही, मुलांना तर मुळीच बसवू नका. पातेलं कलंडून भाजल्याच्या घटना घराघरांत होतात. गरम पाण्याने आंघोळ करताना न्हाणीघराचं दार लावून घेतलं तरी तेवढीच वाफ मिळते. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल गालांवर ठेवला तर दडपण कमी वाटतं.

मेंथॉलच्या बामाने नाक उघडल्यासारखं वाटतं. खरं तर ते गार वाटण्यामुळे, वाट फारशी रुंद होत नाही. कापूर असलेला बाम दोन वर्षांखालच्या मुलांना लावूच नका.

तेलाबद्दल मला कळकळीने सांगायचंय. तान्ह्या बाळाच्या नाकात तेल सोडायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. ते तेल श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरलं तर तिथे न्यूमोनिया होतो. आजीला दुखवायचं नाही, पण तिच्या हाताला हात लावून थांबवा. मोठ्यांनी नस्य करायचं असेल तर जाणत्या वैद्यांच्या देखरेखीखाली.

हळदीचं दूध, आल्याचा चहा, गरम रस्सा घ्या, घशाला आराम पडतो आणि पाणी पोटात जातं. त्याने सायनस बरा होतो असं मी म्हणणार नाही. भ्रामरी मात्र जरूर करा. गुणगुणत श्वास सोडताना सायनसमधली हवा भराभर बदलते. २००२ मध्ये स्वीडनमध्ये मोजून पाहिलं, तर नुसत्या उच्छ्वासापेक्षा गुणगुणताना नाकातून पंधरा पट नायट्रिक ऑक्साइड बाहेर आला. नाकातला हा वायू मुख्यतः सायनसमध्ये तयार होतो. मी नाक धुतल्यावर दहा वेळा भ्रामरी करतो.

रात्री उशी थोडी उंच घ्या.

९. थेंब आणि स्प्रे यांतला फरक ओळखा

नाक झटक्यात उघडणारे थेंब तीन दिवस, फार तर पाच. त्यापुढे गेलात तर थेंबांचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त सुजतं, मग पुन्हा थेंब. माझं चार वर्षं तेच चाललं होतं, आणि मी त्यालाच सायनस समजत होतो. रक्तदाब असेल तर हे थेंब आणि सर्दीच्या गोळ्या विचारूनच घ्या.

सोडताना डॉक्टरांनी मला एकाच नाकपुडीचे थेंब आधी बंद करायला लावले. डावी बंद राहिली, उजवीने श्वास घेतला. डावी मोकळी झाल्यावर उजवीचे बंद. जोडीला स्टेरॉइडचा स्प्रे. स्टेरॉइड म्हटल्यावर घरचे घाबरले, मीही. पण हा डोस नाकापुरता आणि फार कमी असतो. त्याचा गुण लगेच येत नाही, पूर्ण फायद्याला दोन आठवडेही लागतात. दोन दिवसांत "काही फरक नाही" म्हणून बंद करू नका.

मारायची रीत: मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या. टोक बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने. मधल्या पडद्यावर मारलं तर रक्त येतं. जोरात ओढू नका, घशात उतरून वाया जातं. नाक धुतल्यानंतर थोड्या वेळाने मारा.

१०. घर आणि काम

आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. संध्याकाळी सूप झटकलं की तिला एकामागून एक दहा-बारा शिंका यायच्या. "आईला सर्दी लवकर होते" असंच आम्ही समजत आलो. आज ते आठवलं की वाईट वाटतं, कारण नाकाला पदर आणि दाराबाहेर झटकणं एवढ्यानेही तिला आराम पडला असता. शहराच्या पूर्व भागातल्या किती घरांत आजही हेच चालू आहे. विड्या वळणाऱ्या अक्कांनी, मागावरच्या भावांनी नीट बसणारा मास्क लावा, आणि घरी आल्यावर आधी नाक धुवा, मग चहा.

घरात झाडण्याआधी ओलं फडकं फिरवा. डासांची अगरबत्ती झोपायच्या खोलीत जाळू नका, जाळी लावा. आपली सोलापुरी चादर जाड, तिच्यात धुळीतले बारीक किडे राहतात. आठवड्याला गरम पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा, उन्हाची आपल्याला कमी नाही. पावसाळ्यानंतर गाजर गवत फुलतं तेव्हा सकाळी मोकळ्या माळाकडे फिरायला जाणं मी बंद करतो. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला जाऊन होम मैदानावरून आल्यावर नाक धुतल्याशिवाय झोपत नाही.

११. डॉक्टरांकडे जाताना

सिव्हिलमध्ये नाक-कान-घशाचा विभाग आहे, खासगी डॉक्टरही आहेत. कुठेही गेलात तरी हे बरोबर न्या:

- आधार कार्ड आणि रेशन कार्ड
- वही
- जुन्या चिठ्ठ्या, आणि घेतलेल्या गोळ्या-थेंबांची रिकामी पाकिटं
- आधीचे स्कॅन, नुसता रिपोर्ट नको, फिल्म किंवा सीडीसुद्धा
- साखर, रक्तदाब, दमा, औषधांची ॲलर्जी यांची नोंद

"नाकाचं हाड वाढलंय" असं कुणी म्हणालं तर नेमकं विचारा: मधला पडदा वाकडा आहे, की बाजूची मांसल घडी सुजली आहे, की मांसाचा मोड आहे? तिन्हींचे इलाज वेगळे. पडदा थोडाफार वाकडा पुष्कळांचा असतो आणि त्यांना काही त्रास नसतो. दुर्बिणीने नाक आतून पाहतात, त्याला घाबरू नका, आधी बधिर करतात. साध्या एक्स-रेवरून फारसं कळत नाही. जुनाट त्रासात सीटी स्कॅन काढतात, तोही सर्दी ऐन जोरात असताना काढून घेऊ नका, कारण सर्दीत प्रत्येकाचेच सायनस भरलेले दिसतात.

ऑपरेशन सुचवलं तर आधी स्प्रे आणि नाक धुणं पुरेसे आठवडे करून झालं का, ते विचारा. ठरलंच तर सरकारी आरोग्य योजनेत बसतं का, याची चौकशी पैसे भरण्याआधी त्याच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे (योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाकडे) करा. ऑपरेशननंतरही नाक धुणं सुटत नाही, उलट पहिले काही आठवडे तेच मुख्य काम असतं. तेव्हा ते पातेलं दुसऱ्या कामाला लावू नका.